भूगोल आवडायचा असं म्हणणारं आहे का कुणी?

माणदेशी: आवडता विषय विचारला की लोक गणित नाहीतर इतिहास सांगतात. माझा भूगोल. आमचं गाव माण तालुक्यात. महाबळेश्वर आमच्याच सातारा जिल्ह्यात. तिथे वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आमच्याकडे ५०० ला मारामार. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहताना वाटायचं, देवाचाच काहीतरी राग असेल. मग बाईंनी फळ्यावर सह्याद्री काढला. वारा डोंगर चढताना गार होतो, पाणी टाकून मोकळा होतो, पलीकडे उतरतो तो कोरडाच. पर्जन्यछाया! त्या दिवशी घरी जाऊन आजीला समजावलं. घरचं कोडं दुसऱ्या कुठल्या तासाला सुटतं?

सरळरेषा: ताई, बाई चांगल्या होत्या, विषय नव्हे. आमच्याकडे भूगोल म्हणजे 'भौगोलिक कारणे द्या' आणि गाईडमधली उत्तरं. मजा भूमितीत. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. एक रेघ नेमकी ओढली की सगळं उलगडतं, पाठ काहीच नाही. २०२० ला दहावीचा भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला, बाकी विषयांच्या सरासरीने गुण दिले. रडलं का कुणी?

कंपासपेटी: मी त्याच बॅचचा. रडलो नाही, चिडलो मात्र. नकाशे गिरवून गिरवून भारताच्या प्लास्टिकच्या साच्याचं गुजरातकडचं टोक झिजवलं होतं. आणि सरासरीत माझं गणित!! म्हणजे भूगोलाचे गुण भूमितीनेच खाल्ले.

सरळरेषा: हाहा, सॉरी. पण दहावीच्या पुस्तकात अख्खा भारत आणि ब्राझील. पोरांना शेजारचा तालुका सांगता येत नाही, ब्राझील घेऊन काय करायचंय?

माणदेशी: भाचीचं तेच पुस्तक चाळत होते. ब्राझीलच्या ईशान्येला 'अवर्षण चतुष्कोन' आहे. समुद्रावरून येणारे वारे तिथला उंच कडा अडवतो आणि मागे पाऊस पोचत नाही. वाचताना म्हटलं, अगं हे तर आपलं माण! भाचीला ते धड्यात दिसलंच नव्हतं, हेही खरं.

खडूफळा: शिकवते, म्हणून सांगते. पोर्शन राहिला की पहिला बळी भूगोलाच्या तासाचा. वर क्षेत्रभेटीचा धडा वर्गात बसून वाचायचा. मग कंटाळा येणार नाही तर काय!

सरळरेषा: तेच म्हणतोय! बरं, माणदेशी, एका वाक्यात सांगा. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला, अरबी समुद्र तिथून जेमतेम ६५ किलोमीटर. मग १४०० किलोमीटर तंगडतोड करून ती बंगालच्या उपसागराला का जाते?

माणदेशी: पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. झालं वाक्य. आता पायथागोरसची सिद्धता एका वाक्यात येऊ द्या.