मदत हवी आहे: सुप्त कर्कपेशी एनके पेशींना (नॅचरल किलर, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारक पेशींना) चकवतात कशा?

नमस्कार मंडळी. मावशीचा स्तनाचा कर्करोग 11 वर्षांनी हाडात परतला, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. एवढी वर्षं दबा धरून बसलेल्या पेशी तिच्या प्रतिकारशक्तीला सापडल्या कशा नाहीत?

वाचून समजलं ते असं. या पेशी विभाजन थांबवतात. त्यातल्या काही पृष्ठभागावरचे एमएचसी-1 रेणूही कमी करतात, म्हणजे टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पहारेकरी पेशींना) दाखवायचं ओळखपत्रच खिशात घालतात. इथे मी अडकले. ओळखपत्र नसलेल्या पेशीला तर एनके पेशी मारतात ना? 2016 मध्ये कर्करोग संशोधक जोआन मासागे यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की सुप्त पेशी डीकेके1 नावाचं प्रथिन स्रवतात. त्याने त्यांचा स्वतःचाच डब्ल्यूएनटी संदेश (पेशीला वाढायला सांगणारा) दबतो, वाढ थांबते आणि एनके पेशींना चेतवणाऱ्या खुणाही उतरतात.

मग जागं होताना त्या खुणा परत येत असतील, तर तेव्हाच सगळ्या का मारल्या जात नाहीत? थोड्या निसटतात, त्या कशाच्या जोरावर?

कोणी इम्युनॉलॉजी शिकत किंवा शिकवत असेल तर कृपया सोप्या मराठीत समजावून सांगा. उपचारांचा सल्ला नको, त्यासाठी डॉक्टर आहेत.