हॅकेथॉनचा उद्देश आधी कसा ठरवावा?

प्रश्न: आमची संस्था नागपूर परिसरातील संत्रा उत्पादकांसाठी काम करते. हॅकेथॉन, म्हणजे ठरावीक वेळेत संघांनी एखाद्या समस्येवर तांत्रिक उपाय तयार करण्याची स्पर्धा, घ्यायचे ठरले आहे. मात्र संचालकांपैकी कोणाला उपयोगी अ‍ॅप हवे आहे, कोणाला नोकरीसाठी हुशार मुले, तर कोणाला वर्तमानपत्रात फोटो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: एकच उद्देश निवडावा. भरती करायची असेल, तर मुले अडल्यावर काय करतात हे परीक्षकांनी जवळ बसून पाहावे. साधन हवे असेल, तर स्पर्धेनंतरच्या तीन महिन्यांचा खर्च आणि ते काम पुढे नेणारा माणूस आधीच नेमावा. आमच्याकडे हे राहून गेले, त्यामुळे विजेत्या संघाचा कोड आजही पेन ड्राइव्हमध्ये असून तो कोणाच्या खणात आहे, यावर मतभेद आहेत.

उत्तर २: २०१७ साली सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये मंत्रालये आपल्या अडचणी आधी लिहून देतात, तेवढे जरूर उचला, तिथले सलग ३६ तासांचे जागरण मात्र नको. ‘संत्र्यासाठी काहीतरी’ ही समस्या नव्हे. ‘कळमना बाजारात आलेल्या फळांची प्रतवारी मोबाइलवरील छायाचित्रावरून करता येईल का’ ही समस्या आहे. आंबिया बहाराच्या तोडणीत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, स्पर्धा ठेवल्यास खरी फळे टेबलावर मांडता येतील. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत सादरीकरण ऐकूच येत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. प्रतवारीचाच विषय सोमवारच्या बैठकीत मांडतो. फोटोवाल्यांची समजूत अध्यक्षांनी काढावी.