टॅपरूम: जिथे बनते तिथेच चाखताना

क्राफ्ट ब्रुअरीच्या, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या, टॅपरूममध्ये बिअर जिथे तयार होते तिथेच ती पेल्यात येते आणि बनवणारी माणसेही बहुधा आसपासच असतात. अशा ठिकाणी आपण काय चाखले, काय पाहिले आणि काय विचारून घेतले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

•

आम्ही गेलो ती ब्रुअरी चित्रकारांच्या वस्तीत, जुन्या गोदामात आहे. बाहेरच्या भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगवलेली आहेत आणि आत काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात. ऊन कडक असल्यामुळे पूर्ण पेल्याऐवजी आम्ही छोट्या ग्लासांचा नमुना-संच मागवला. वाढणाऱ्या ताईंनी फिकट बिअरपासून सुरुवात करून कडवट आयपीए आणि काळी स्टाउट शेवटी ठेवायला सांगितले, कारण हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा किंवा भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव एकदा जिभेवर बसली की नंतर हलकी बिअर पाणचट लागते. गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा स्पष्ट वास येत होता, तरी तिच्यात यांपैकी काहीही घातलेले नव्हते. जर्मन पद्धतीच्या या बिअरमध्ये ते दोन्ही वास यीस्टच तयार करते, हे ऐकून मी तो ग्लास पुन्हा हातात घेतला आणि बराच वेळ नुसता हुंगत राहिले.

•

मी मद्य घेत नाही, मित्रांना घरी सोडण्यासाठी सोबत गेलो होतो, तरीही ती दुपार मला फार आवडली. ब्रुअरने वेगवेगळ्या माल्टचे दाणे चावून पाहायला दिले. फिकट दाणा गोडसर लागला, तर काळा भाजलेला दाणा थेट कॉफीसारखा. हॉप्सचे वाळलेले फूल तळहातावर चोळल्यावर पिवळी, चिकट पूड हाताला लागली आणि लिंबाच्या सालीचा व राळेचा मिसळलेला वास आला. दळलेला माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजत ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि पुढे तीच साखर यीस्ट खाते, हे त्यांनी टाकीशेजारी उभे राहून समजावले. उरलेला चोथा गुरांच्या खाद्यासाठी जातो.

•

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. एका ठिकाणी लॅगरला (थंडाव्यात मुरवलेल्या बिअरला) वितळलेल्या लोण्यासारखा वास येत होता. नळाची नळी वेळेवर धुतली नाही तरी असा दोष येऊ शकतो, म्हणून मी शांतपणे तसे सांगितले, आणि त्यांनी वाद न घालता पेला बदलून दिला. पेल्याच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर पेला नीट धुतलेला नाही असे समजावे. बर्फात गोठवलेला पेलाही मी नाकारतो. अतिथंड बिअरला वास उरत नाही, मग इतक्या मेहनतीने बनवलेली वस्तू चाखायची तरी कशी?

•

लॅगरचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. एल हा बिअरचा दुसरा मोठा प्रकार साधारणपणे उबदार तापमानात आंबतो आणि लवकर तयार होतो. लॅगर मात्र थंडाव्यात कित्येक आठवडे मुरावी लागते, त्यामुळे छोट्या ब्रुअरीत तिच्यासाठी टाकी अडकवून ठेवणे बऱ्याचदा परवडत नाही. १८४२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन्य शहरात जन्मलेली पिल्सनर ही फिकट लॅगर साधी दिसते, पण तिच्यात दोष लपवायला जागाच नसते. म्हणून नव्या टॅपरूममध्ये मी आधी पिल्सनरच मागते आणि कोणता केग (बिअरचे पिंप) नुकताच उघडला आहे, हेही विचारून घेते.