चूक पोलिसाची, भरपाईचे पैसे आपले!

उंबरठा : कालच्या धाग्यात एका महाशयांनी लिहिलंय, "भरपाईचे आकडे फुगले की पोलीस आपोआप सुधारतात, अमेरिकेकडे बघा." बघितलं. 2021 मध्ये मिनियापोलिस शहराने, पोलिसाच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला 2 कोटी 70 लाख डॉलर दिले. शहराने, म्हणजे करदात्यांनी. आपल्याकडे वेगळं काय? ओडिशातला नीलाबती बेहेरांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळावर सापडला. म्हणे पळून जाताना गाडीखाली आला! आईने पत्र लिहिलं, 1993 ला सुप्रीम कोर्टाने दीड लाख दिले. तेही सरकारी तिजोरीतून.

तिरपागडा : ते महाशय मीच. तिथल्या लहान शहरांच्या पोलीस खात्यांचा विमा असतो. दावे वाढले की हप्ता वाढतो, मग विमा कंपनीच प्रशिक्षणाची अट घालते. आणि आपल्याकडे पोलीस कोठडीतल्या मृत्यूंवरच्या 1996 च्या डी. के. बसू निकालात स्पष्ट लिहिलंय की सरकारला ती रक्कम दोषी माणसाकडून वसूल करता येते. वसुलीला कोणी हात धरलाय का?

हवालदारपुत्र : पगारातून कापा म्हणणं सोपं आहे. माझे वडील खात्यात होते. गणपतीच्या बंदोबस्तावरून आले की पाय इतके सुजलेले असायचे की बूट आम्ही दोघं भावंडं ओढून काढायचो. तेव्हा कुठे होती तुमची भरपाई?

अर्धाकप : सूज समजली. माझी गाडी चोरीला गेली तेव्हा दोन चौक्यांनी "हद्द आमची नाही" म्हणत तीन तास पळवलं. शेवटी म्हणाले, चोरी कशाला लिहिता, 'गहाळ' लिहा!

हवालदारपुत्र : गाडीचा इथे काय संबंध?

अर्धाकप : बुटांचा होता तेवढाच.

उंबरठा : अहो, मुद्द्यावर या. हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक 1994 ला, सुप्रीम कोर्टाचे 50 लाख 2018 ला. 24 वर्षं! एवढ्या उशिरा आलेल्या आकड्याला कोण घाबरणार? आणि वसुली होऊ शकते हे कागदावर खरं, मान्य. कागदावर बरंच काही असतं.

तिरपागडा : "मान्य" हा शब्द लिहिताना बोटं दुखली का?

हवालदारपुत्र : ठरवून मारणाऱ्याच्या पेन्शनमधून कापा, चालेल. पण फोनवरून "जरा दोन द्या त्याला" म्हणणाऱ्या साहेबाचीही कापा. ते जमलं की कळवा, तुमची आरती मी स्वतः ओवाळतो.