कुत्र्याचा रंग आणि स्वभाव: तुमचा अनुभव काय?

गच्चीवरून

आमच्या सोसायटीत दोन भटकी कुत्री आहेत, काळ्या आणि ब्राउनी. नावांवरून रंग कळलेच असतील, बारशाला कुणी फार डोकं चालवलेलं नाही. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पोटरीला पार्किंगमध्ये दात लागले. तिथला दिवा महिनाभर बंदच होता. काका म्हणाले, "काळ्याच! मी डोळ्यांनी पाहिला." मिट्ट काळोखात काळं कुत्रं डोळ्यांनी कसं पाहिलं, हे विचारायची ती वेळ नव्हती. आधी त्यांना इंजेक्शनला नेलं.

सकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर "काळी कुत्री मुळातच डेंजर असतात" इथपर्यंत गाडी गेली. वॉचमन सांगत होता की काळ्या तेव्हा माझ्या खुर्चीखाली घोरत होता. शेवटी सीसीटीव्ही उकरला. रात्रीच्या चित्रीकरणात सगळी कुत्री करडीच दिसतात, पण ब्राउनीची शेपटी अर्धी तुटलेली आहे, त्यावरून ओळख पटली. काकांचा पाय तिच्या पंजावर पडला होता. मग ग्रुपवर काय आलं? "अरेरे, बिचारीला लागलं असेल." काळ्याला मात्र अजून कुणी सॉरी म्हटलेलं नाही.

तर, रंगावरून स्वभाव कळतो असं तुम्हाला कधी जाणवलंय का? पाळलेलं, भटकं, कुठलंही चालेल. फक्त ऐकीव नको, घरातलं किंवा गल्लीतलं सांगा. कुत्री हवीत की नकोत हे भांडण इथे नको, त्याला ढीगभर धागे आहेत.

शनिवारपेठी

आमच्याकडे मारुतीच्या देवळासमोर एक काळी कुत्री बसते. शनिवारी सकाळी सहापासून तिच्यासमोर तेल लावलेल्या पोळ्यांची रांग. कुणाची साडेसाती, कुणाचा कोर्टाचा निकाल, कुणाच्या मुलाची नोकरी. दुपारी बारापर्यंत तिला हलता येत नाही, कुणी पोळी पुढे केली तर नुसती वास घेऊन मान फिरवते. इतकं मवाळ जनावर मी पाहिलेलं नाही. लहान पोरं तिच्या पाठीवर डोकं टेकून बसतात.

तिची सख्खी भावंडं, एक पांढरं आणि एक तांबडं, समोरच्या चहाच्या टपरीखाली असतात आणि प्रत्येक पिशवीवर गुरगुरतात. त्यांना शनिवार नाही ना! रंगाचा स्वभावावर परिणाम होतो, हे मला मान्य आहे. फक्त मध्ये पोळी आहे.

माळावरचा

आम्ही माण तालुक्यातले, मेंढरंवाले. मी आता नोकरीला आहे, पण आजोबांच्या वाड्यावर कायम चार-पाच कुत्री असायची. पिल्लू निवडताना ते आधी नखं मोजायचे. कुत्र्याला सहसा अठरा नखं असतात, मागच्या पायांना एकेक जास्तीचं असलं की ते वीसनखी, आणि वीसनखी म्हणजे भारी. मग मानेची कातडी धरून उचलायचे. केकाटलं की खाली. भुवयांवर ठिपके असलेल्याला चार डोळ्यांचा म्हणायचे. रात्री त्याला जास्त दिसतं अशी आमच्यात समजूत. (पुढे कळलं की ऋग्वेदात यमाची दोन कुत्रीसुद्धा चार डोळ्यांची आहेत. म्हणजे ही गोष्ट आमच्या आजोबांच्याही आजोबांच्या पलीकडची.)

रंगाचा मात्र एकच नियम होता, आणि त्यात देवधर्म काही नव्हता. लांडग्याच्या रंगाचं, म्हणजे भुरकट करड्या पाठीचं पिल्लू ठेवायचं नाही. मेंढरं बुजली की माणूस झोपेतून उठून बॅटरी मारतो, आणि त्या उजेडात आपला कुत्रा कुठला आणि लांडगा कुठला हे कळायच्या आत काठी बसते. मी हट्टानं असं एक ठेवलं होतं, भुऱ्या. दोन वर्षांत त्यानं तीनदा आपल्याच माणसांचा मार खाल्ला. त्यातला एक माझा. तिसऱ्यांदा पाय मोडला. त्यानंतर हात वर केलेला कुठलाही माणूस दिसला की दात दाखवायचा, मग तो डोक्यावरचा पटका सारखा करत असला तरी. पाहुणे म्हणायचे, हा रंगच वाईट. आजोबा काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे.

लॅबवाली

माझ्याकडे आधी काळी लॅब होती, आता चॉकलेटी आहे. काळी एका वाक्यात ऐकायची. चॉकलेटी म्हणजे, काय सांगू! सोफ्याचे दोन पाय, एक सासूबाईंचा चष्मा, रिमोट तर मोजायचे सोडले. प्रशिक्षक पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, चॉकलेट आहे ना? टाइम लागणार." मलाही ते पटलं होतं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर काळी आम्हाला ओळखीच्यांच्या घरून मिळाली, तिची आई आणि दोन मुलं असलेल्या घरात ती आठ आठवड्यांपर्यंत वाढली होती. चॉकलेटीसाठी आम्ही रंगाचे म्हणून जास्तीचे पैसे मोजले आणि चार महिन्यांचं पिल्लू पिंजऱ्यातून उचललं. गवतावर पाय ठेवायला ती घाबरत होती. म्हणजे मी दोन रंगांची तुलना करतेय की दोन बालपणांची, हे मलाच नीट सांगता येणार नाही.

थंडीतली मुंबईकर

मी उलट बाजूनं लिहिते. इंग्लंडमध्ये आहे, घरी सोनेरी कॉकर स्पॅनियल. आणला तेव्हाच शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, सोनेरी? जरा जपून. मला ती खेडवळ समजूत वाटली. मग शोधलं तर केंब्रिजच्या संशोधकांनी १९९६ साली हजारावर कॉकर मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. एकरंगी कॉकर ठिपकेवाल्या दुरंगी कॉकरपेक्षा जास्त आक्रमक, आणि एकरंगीतही सोनेरी-तांबूस हे काळ्यांपेक्षा जास्त, असं त्यातून निघालं. पुढे स्पेनमध्येही असंच काहीसं आढळलं.

आमचं ध्यान एरवी लोण्यासारखं. पण मोजा पळवून पलंगाखाली गेलं की डोळे बदलतात. बुबुळं मोठी, अंग ताठ, आणि घशातून असा आवाज की माझा नवरा पलंगावर पाय वर घेऊन बसतो. दहा मिनिटांनी तोच मोजा स्वतःहून आणून मांडीवर टाकणार. डॉक्टरांनी कान तपासले, कॉकरच्या लोंबत्या कानांत काही ना काही असतंच, ते बरं केलं. गुरगुरणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं कशामुळे, ते तुम्हीच सांगा. सगळं खापर माणसांवर फोडणं मला तरी पटत नाही.

जुना भिडू

आमचा सोनेरी कॉकर साक्षात संत होता. तेरा वर्षांत एकदाच चावला, तोही मेव्हण्याला, त्यामुळे आम्ही तो धरत नाही.

फटाकेबंदी

डाल्मेशियन. पांढऱ्यावर काळे ठिपके, सगळ्यांना हौस. आमचा दोन वर्षांचा होईपर्यंत तापट म्हणून बदनाम होता. झोपेत हात लावला की वळून तोंड टाकायचा. मोलकरणीच्या मनगटावर एकदा ओरखडा. हाक मारली तर ढुंकून बघायचा नाही. आम्ही म्हणायचो, भारी माज आहे. वडील म्हणायचे, पांढरी कुत्री अशीच असतात, त्यांचा पांढरा बोका असाच होता.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीत दहा हजारांची माळ लागली. वरच्या मजल्यावरचा बीगल बाथरूममध्ये जाऊन कापत होता, खालची पामेरियन पलंगाखाली. आमचा हॉलच्या मध्यभागी, पंख्याखाली, चारी पाय पसरून गाढ झोपलेला. पोट वरखाली होतंय, कान हलतसुद्धा नाही. बायको त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम रडायलाच लागली. मी आत जाऊन स्टीलचं ताट आणि उलथनं आणलं, त्याच्या डोक्यामागे बडवलं. काही नाही.

दोन वर्षं आम्ही एका बहिऱ्या जिवाला उर्मट म्हणत होतो. आता त्याच्याजवळ जाताना जमिनीवर पाय आपटतो, कंप कळला की तो डोळे उघडतो. हातांच्या अकरा खुणा त्याला येतात. त्यानंतर एकदाही तोंड टाकलेलं नाही.

पशुवैद्य

फटाकेबंदी, तुमच्या बाबतीत रंगाचा संबंध खराच आहे, पण मधला पूल कानाचा आहे. रंगपेशी फक्त केसात नसतात, आतल्या कानातही लागतात. गर्भात त्या पाठीकडून निघून अंगभर पसरतात. पांढरेपणा फार असला की कधीकधी कानापर्यंत पोचतच नाहीत आणि जन्मानंतर काही आठवड्यांत ऐकू येणं जातं. अमेरिकेत झालेल्या तपासण्यांत सुमारे ३० टक्के डाल्मेशियन निदान एका कानानं बहिरे निघालेत. चितकबऱ्या 'मर्ल' रंगाची दोन कुत्री एकमेकांना लावली तर पिल्लं बहिरी-आंधळी होण्याचा धोका असतो, आणि तरीही दुर्मीळ रंग म्हणून ती विकली जातात. यावर मी बोलायला लागलो तर दवाखाना बंद ठेवावा लागेल.

लॅबवाली, कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं मुळात दोनच: एक काळं-चॉकलेटी, एक तांबूस-पिवळं. पिवळ्या लॅबचं नाक बघा, बहुतेक वेळा काळं असतं. काळा रंग बनवायची सोय त्याच्याकडे आहे, ती केसात उतरत नाही इतकंच. एवढ्याशा फरकानं अक्कल कमीजास्त होईल असं मला वाटत नाही. पण चॉकलेटी रंग आईबाप दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे त्या रंगाच्या मागे लागलेले लोक थोड्याच कुत्र्यांत फिरून फिरून जोड्या लावतात. सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ साली ब्रिटनमधल्या ३३ हजारांहून जास्त लॅब्राडॉरच्या दवाखान्यांतल्या नोंदी पाहिल्या. बाकीच्यांचं मध्यक आयुष्य १२.१ वर्षं, चॉकलेटीचं १०.७. कानाचे आणि कातडीचे आजारही त्यांच्यात जास्त. ज्याचा कान ठणकतोय तो 'बस' म्हटल्यावर बसेल का, सांगा. निळसर डॉबरमनचंही तेच, पाठीचे केस गळतात, खाज सुटते, आणि मालक सांगतो की हा हल्ली चिडका झालाय.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. सायबेरियात नोवोसिबिर्स्कला १९५९ पासून दिमित्री बेल्यायेव्ह यांनी रुपेरी कोल्ह्यांतले फक्त माणसाळू कोल्हे निवडून त्यांची पैदास केली. काही पिढ्यांत कपाळावर पांढरे ठिपके, लोंबते कान, वळलेल्या शेपट्या दिसायला लागल्या. निवड स्वभावाची, बदल रंगात! पण ते ठिपके फरच्या फार्ममधल्या कोल्ह्यांत आधीपासूनच होते, अशीही हरकत पुढे काहींनी घेतली. म्हणून मी हा किस्सा हल्ली जरा बेतानं सांगतो.

आणि एक कबुली. टेबलावर काळं कुत्रं आलं की मी त्याच्या तोंडाकडे दोनदा बघतो. चावरं असतं म्हणून नव्हे. काळ्या तोंडावर ओठ कधी आवळले, नाकावर सुरकुती कधी आली, हे दिसत नाही. तांबड्याचं लगेच दिसतं.

शेपूटवाली

मी पिल्लांना घरं शोधून देते. डॉक्टरांनी तोंडाचं सांगितलं तेच फोटोचं. मोबाइलवर काळं पिल्लू म्हणजे दोन चकाकते ठिपके असलेला डाग. पांढऱ्याला, बिस्किटी रंगाला त्याच संध्याकाळी फोन येतात.

मागच्या पावसाळ्यात जिन्याखाली सहा पिल्लं सापडली. चार गेली. उरली दोन काळी. एकीला न्यायला जोडपं आलं, मुलगी खूश, आणि आजोबांचा फोन आला: "काळं नको, नव्या घरात." परत ठेवून गेले. त्या दोघी माझ्या बाल्कनीत साडेपाच महिने होत्या. पिल्लांचं जग बघायचं वय तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं, ते माझ्या कपडे वाळत घालायच्या दांडीखाली गेलं. आता एकीला घर मिळालंय. घरचे म्हणतात, "पाहुणे आले की लपते. काळी कुत्री भित्री असतात का हो?"

मी काय उत्तर देणार. फोटो काढायचा असेल तर एक सांगते: मागे पिवळी ओढणी धरा आणि खिडकीच्या उजेडात काढा.

दुपारची वामकुक्षी

अवांतर: तांबडी मांजरं वात्रट असतात हे मात्र शंभर टक्के खरं आहे.

शनिवारपेठी

त्याला वेगळा धागा काढा हो.

गच्चीवरून

सगळ्यांचे आभार. माळावरच्यांचा भुऱ्या डोक्यातून जात नाहीये.

इकडची खबर: पार्किंगचा दिवा लागला. काका अजून काठी घेऊनच उतरतात. काळ्या दिसला की काठी वर, ब्राउनी दिसली की "काय गं". मी शेपूटवालींचं ऐकून काळ्याचा पिवळ्या चादरीसमोर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. बी विंगमधल्या एका मुलीनं विचारलं, हे कुठलं कुत्रं? नवीन आलंय का?

आणि आज शनिवार. सकाळी काकूंनी काकांना पिशवी देऊन खाली पाठवलं, साडेसातीसाठी काळंच कुत्रं हवं होतं. काका गेटजवळ उभे, एका हातात तेल लावलेली पोळी, दुसऱ्या हातात सवयीनं काठी. "काळ्या, ये रे, ये." काळ्या वॉचमनच्या खुर्चीखालून काठीकडे बघतोय आणि हलत नाहीये. पाच मिनिटं हे चाललं. मग काकांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसले. तेवढ्यात मागून ब्राउनी आली आणि पोळी घेऊन पळाली.