शब्दचर्चा: ‘नागरी हानी’ म्हणजे नक्की कोणाची हानी?

प्रश्न

म्यानमारमधल्या शाळांवर झालेल्या हवाई हल्ल्यांविषयीचा एक मजकूर मराठीत आणते आहे आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकले आहे. मुळात ‘सिव्हिलियन हार्म’ आहे. मी ‘नागरी हानी’ लिहिलं, कागद हातात घेऊन मोठ्याने वाचलं आणि थांबले. नागरी सुविधा, नागरी पुरवठा, नागरी सहकारी बँक. हा शब्द आपल्याकडे नगरपालिकेचा नि सरकारी खात्याचा होऊन बसलाय. ऐकणाऱ्याला वाटेल की पाण्याची टाकी फुटली.

घटना अशी. 16 सप्टेंबर 2022, सगाइंग प्रांत, तबायिन तालुका, लेत येत कोन गाव. मंडालेच्या वायव्येला. (मंडाले टिळकांच्या तुरुंगवासामुळे आपल्या कानावर असतं, म्हणून तिथून दिशा सांगितली.) बौद्ध मठाच्या आवारातल्या शाळेवर लष्कराच्या हेलिकॉप्टरांनी गोळ्या आणि दारूगोळा डागला. शाळेत बालवाडीपासून आठवीपर्यंतची 240च्या आसपास मुलं. युनिसेफने सांगितलं की किमान 11 मुलांचा जीव गेला आणि त्याच शाळेतली निदान 15 मुलं बेपत्ता आहेत. मठात बंडखोर लपले होते, असं लष्कराचं म्हणणं.

माझं वाक्य: ‘यादवी युद्धात शाळेवर झालेल्या हवाई हल्ल्यात मोठी नागरी हानी झाली, 11 बालके मृत्युमुखी पडली.’

व्याकरण बरोबर आहे, तरी वाक्य खरं वाटत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

ताई, आधी ‘नागरी’ काढाच, पण तुम्ही दिलेल्या कारणाहून मोठं कारण आहे. वर्तमानपत्रात तीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यात ही चूक माझ्या हातूनही शेकडो वेळा सुटली. आपण ‘सिव्हिलियन’ला ‘नागरिक’ म्हणतो. नागरिक म्हणजे त्या देशाचं नागरिकत्व असलेला माणूस. आता म्यानमारचीच गोष्ट घ्या. 1982च्या कायद्याने तिथल्या बहुतेक रोहिंग्यांना नागरिकत्व नाकारलं. त्यांच्या राखाइन प्रांतात बॉम्ब पडून रोहिंग्या मूल मेलं, तर आपल्या मराठी वाक्यात ते ‘नागरिक’ ठरत नाही, आणि ज्याचं संरक्षण सांगायचं तेच पोर शब्दातून बाहेर पडतं. युद्धाच्या कायद्यात प्रश्न एवढाच असतो की हा माणूस लढतोय की नाही. कागदपत्रं कोणती आहेत, हे तिथे कोणी विचारत नाही.

‘बिनलढाऊ’ हा शब्द काहींनी वापरून पाहिला. अर्थाला अचूक, पण आठ वर्षांच्या मुलीला बिनलढाऊ म्हणायला माझी जीभ वळत नाही. जुन्या मराठीत ‘लष्कर’ आणि ‘रयत’ अशी सरळ जोडी होती. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र सगळ्यांना ठाऊक आहे: दाणा, वैरण, भाजीपाला बाजारातून विकत घ्या, रयतेला उपद्रव देऊ नका. त्यात रयत म्हणजे जी शस्त्र धरत नाही आणि सैन्याच्या वाटेत सापडते, ती. आजच्या मजकुरात ‘रयत’ चालणार नाही हे कळतं. ‘गावकरी’ लिहा, ‘मुलं’ लिहा, ‘शिक्षक’ लिहा. जे होते तेच लिहा. एकत्र शब्द लागलाच तर ‘सामान्य माणसं’.

प्रतिसाद

‘यादवी’वर माझा आक्षेप आहे. शब्द फार सुंदर आहे, हिंदीवाल्या ‘गृहयुद्धा’पेक्षा आपला. पण तो आला कुठून ते आठवा. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादव एकमेकांवर उठले तेव्हा सगळ्यांच्या हाताला तेच एरका गवत लागलं आणि उपटलेली प्रत्येक मूठ मुसळ झाली. दोन्ही बाजूंना सारखंच शस्त्र. म्हणून यादवी म्हटलं की भाऊबंदकी, दोघांचाही दोष, दोघांचाही नाश, असं चित्र उभं राहतं.

म्यानमारमध्ये 1 फेब्रुवारी 2021ला लष्कराने सत्ता घेतली, मग गावागावांत लोकांनी संरक्षण दलं उभारली. जमिनीवरच्या लढाईला यादवी म्हणा हवं तर. पण लढाऊ विमानं आणि हेलिकॉप्टरं एकाच बाजूकडे आहेत, दुसरीकडे फार तर ड्रोन. आकाशातून शाळेवर डागणं हा यादवीचा प्रसंग नाही. युद्धाचं नाव म्हणून शब्द एकदा येऊ दे, पण हल्ल्याच्या वाक्यात नको.

आणि ‘हवाई हल्ला’ ठेवा, ‘विमानहल्ला’ नको. ऑक्टोबर 2025मध्ये सगाइंगमध्येच, चाउंग ऊ तालुक्यात, सणाच्या रात्री प्राथमिक शाळेच्या आवारात जमलेल्या लोकांवर मोटर लावलेल्या पॅराशूटवरून बॉम्ब टाकले. त्याला विमान कसं म्हणणार?

प्रतिसाद

मी पाली भाषेच्या निमित्ताने थोडी बर्मी शिकले, म्हणून एक भर घालते. बर्मीत ‘क्याउं’ हा एकच शब्द मठालाही आहे आणि शाळेलाही. फरक दाखवायचा तर पुढे भिक्षूंसाठीचा शब्द जोडतात. शतकानुशतकं मुलं मठातच लिहायला वाचायला शिकली, त्याची ही खूण. तेव्हा ‘मठात बंडखोर होते’ आणि ‘शाळेत मुलं होती’ या वाक्यांतल्या जागा मराठीत दोन वाटतात, तिथल्या माणसाच्या कानाला त्या एकाच शब्दात बसतात. तुमच्या मजकुरात ‘मठातली शाळा’ असं सलग येऊ दे. नुसता ‘मठ’ लिहिला तर मुलं दिसेनाशी होतात.

प्रतिसाद

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. शब्दांचा अभ्यास नाही, पण ‘हानी’ वाचून राहवलं नाही.

जीवितहानी, वित्तहानी हे पुराच्या बातमीतले शब्द. पंचनामा करणाऱ्याचे. हानी ‘होते’, ती कोणी करत नाही. ‘मृत्युमुखी पडली’ तसंच, जणू चालता चालता पाय घसरला. ‘दगावली’ म्हटलं तर ताप आला होता असं वाटतं. आणि ‘बळी’! बळी कशासाठी दिला, कोणत्या देवाला? त्या मुलांना कोणी वाहिलं नव्हतं, ती गणिताच्या वहीत काहीतरी लिहीत असतील. मारली, असं लिहा. कोणी मारली तेही लिहा.

दुसरं. ‘शाळेवर हल्ला’ म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते. शाळा म्हणजे मुळात घरच की: गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा. पण आपल्या भाषेत शाळा भरते आणि शाळा सुटते. घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरी घेतली की शाळा भरली. ‘भरलेल्या शाळेवर’ एवढं लिहा. रविवारी रिकाम्या इमारतीवर बॉम्ब पडणं आणि भरलेल्या शाळेवर पडणं यातला फरक सांगायला दुसरं काही लागणार नाही.

धागाकर्ती

बाई, ‘भरलेली शाळा’ हाच शब्द मी शोधत होते. दोन दिवस शब्दकोश उघडून बसले आणि तो रोज तोंडात होता.

त्या भागातली अजून एक घटना मजकुरात आहे. 28 मार्च 2025ला सगाइंग-मंडालेला मोठा भूकंप झाला. मदतकार्यासाठी शस्त्रसंधी जाहीर झाली. ती चालू असतानाच 12 मे रोजी तबायिनमधल्याच ओ तेइन क्विन गावच्या शाळेवर बॉम्ब पडले. सुमारे 20 मुलं आणि 2 शिक्षक गेल्याच्या बातम्या आल्या, लष्कराने मात्र हल्ल्याचा इन्कार केला. इथे मला ‘आस्मानी-सुलतानी’ आठवलं. दुष्काळ, पूर, भूकंप ही आस्मानी. राजाचा जुलूम ही सुलतानी. दोन्ही एकाच भागावर दीड महिन्यात. पण आकाशातून आली ती सुलतानी. तिला आस्मानीच्या भाषेत, ‘हानी झाली’ म्हणून, कसं लिहायचं?

प्रतिसाद

हे बरोबर पकडलंत. आपण सुलतानीला आस्मानीचं क्रियापद लावतो, तिथेच सगळं बिघडतं. ‘आनुषंगिक हानी’चंही तेच. ‘कोलॅटरल डॅमेज’साठी हा शब्द परिभाषेत बनवला, आणि ‘आनुषंगिक’ म्हणजे मुख्य गोष्टीबरोबर ओघाने आलेलं. कोणाच्या आईला तिचं मूल ओघाने आलेलं वाटेल? लष्कराच्या निवेदनात तो शब्द असेल तर अवतरणात ठेवा. आपल्या वाक्यात घेऊ नका.

धागाकर्ती

वाक्य आता असं झालं: ‘लेत येत कोन गावातल्या मठातल्या भरलेल्या शाळेवर लष्कराने हेलिकॉप्टरमधून हल्ला केला आणि किमान 11 मुलं मारली.’

‘बेपत्ता’वर अजून अडले आहे. सैनिकांनी मृतदेह दुसऱ्या तालुक्यात नेऊन जाळले, असंही तेव्हा बातम्यांत होतं. मग त्या 15 मुलांना नुसतं बेपत्ता म्हणायचं? यात्रेत हरवलेलं पोरही बेपत्ताच असतं.

प्रतिसाद

आमच्या हजेरीपटावर सलग गैरहजर मुलाचं नाव काही दिवसांनी कमी करतात. त्याआधी घरी माणूस पाठवावा लागतो. तुम्ही ‘ज्यांचं काय झालं ते घरच्यांना कळलं नाही अशी 15 मुलं’ लिहा. लांब होईल, होऊ दे.