सल्ला हवा: २०१४ची इनोव्हा की २०१६ची अर्टिगा? (दोन्ही डिझेल, दोन्ही वापरलेल्या)

सायली_को
नमस्कार. जुनी सात सीटर घ्यायची आहे. बरंच शोधून दोन गाड्यांवर आलोय आणि तिथेच अडकलोय.

पहिली: इनोव्हा २.५ जीएक्स, २०१४, एमएच-१२, दुसरा मालक, रनिंग १ लाख ६८ हजार. एजंटकडे उभी आहे. ७ लाख २५ हजार म्हणतोय, पावणेसातपर्यंत येईल असं वाटतं.

दुसरी: अर्टिगा व्हीडीआय एसएचव्हीएस (मारुतीची माइल्ड हायब्रिड), २०१६, एमएच-०९, पहिलाच मालक, रनिंग ९२ हजार. मालक स्वतः विकतायत, ६ लाख ४० हजार.

ट्रान्सफर, विमा आणि लगेच करावं लागणारं काम धरून बजेट सात लाख. त्यावर एक रुपयाही नाही.

राहतो कोथरूडला. घरात सहा माणसं, त्यात सासूबाईंच्या गुडघ्यांचा त्रास. चिपळूणजवळ गावी नियमित जाणं असतं, बहुतेक वेळा कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे, त्यामुळे दिसणं, स्क्रीन, म्युझिक यांचं काही नाही. कुठली जास्त टिकेल एवढंच सांगा.

दख्खनी_चाक
इनोव्हा. विचारच करू नका. माझी २००९ची आहे, चार लाख किलोमीटर कधीच मागे पडले, इंजिन अजून उघडलेलं नाही. पंढरपूर, तुळजापूर, गोवा, सगळीकडे भरून नेली. टूरवाले उगाच तीच गाडी घेत होते का?

रानजाई
इनोव्हाला +१. आमच्या ऑफिसला पिकअपला होती. मागच्या सीटवर झोप लागायची.

सदाशिव_पेठी
माझं ऐका, आणखी चार लाख घाला आणि क्रिस्टा बघा. २०१६च्या मे महिन्यात आली ती. २.४चं इंजिन, टायमिंग चेन, बेल्टची कटकट नाही. मी घेतली आणि आता दुसऱ्या गाडीत बसवत नाही. एकदाच घ्यायची तर चांगली घ्यावी.

सायली_को
काका, क्रिस्टा चांगली आहे यात वाद नाही, पण बजेट वर लिहिलंय तेवढंच आहे.

सदाशिव_पेठी
कर्ज मिळतं की. व्याजाचा फरक महिन्याला किती पडणार?

मिस्त्री_कराडकर
दोन्ही इंजिनं हाताखालून गेलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इनोव्हाचं २४९४ सीसीचं इंजिन दणकट आहे, पण त्याला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) आहे, चेन नाही. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेडचं काम निघतं. १ लाख ६८ हजारांच्या गाडीला बेल्ट बदललेलाच असायला हवा. मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा असतो, त्यावर जाऊ नका. तो नुसता रीसेट करता येतो. बेल्ट आणि टेन्शनर (त्याचा ताण धरणारा भाग) बदलल्याचं बिल मागा, त्यावर तारीख आणि रनिंग बघा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कापा. दुसरी गोष्ट इंजेक्टर. या रनिंगला चारही इंजेक्टरची बॅक-लीक टेस्ट (किती डिझेल मागे परत जातंय ते मोजायची) करून घ्या. चारही इंजेक्टर खराब निघाले तर तुमचं बजेट तिथेच संपलं.

अर्टिगाचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, लिनिया, सगळ्यांत हेच होतं, त्यामुळे त्यातलं काम न येणारा मिस्त्री सापडणार नाही आणि पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. त्याला चेन आहे, पण म्हणून निर्धास्त राहायचं नाही. चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीची चेन सैल पडते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला खळखळ आवाज येतो. त्यामुळे गाडी बघायला सकाळी जा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवली होती असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा.

दोन्हीकडे करायची सोपी परीक्षा: इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. थोडीफार वाफ चालते. झाकण उडत असेल किंवा धूर भकाभक येत असेल तर घरी परत या.

दख्खनी_चाक
बेल्ट हा काही दोष नाही, ठरल्या वेळी बदलायचा असतो. मी दोनदा बदललाय. वर म्हटलंच आहे, इनोव्हा ती इनोव्हा.

तांबडा_पांढरा
एमएच-०९ वाचलं आणि राहवलं नाही. गाडी २०१६ची म्हणजे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पूर तिने कोल्हापुरातच काढले असतील. मालक कुठल्या भागात राहतात ते आधी विचारा. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीकडे पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुण्या-मुंबईकडे विकल्या गेल्या.

बघायचं कसं: सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत गुंडाळलेला भाग सहसा कोणी धूत नाही, तिथे मातीची रेघ तशीच राहते. ड्रायव्हरची सीट पुढे सरकवून खालच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज आहे का बघा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. वायरिंगच्या जोडांत पिठासारखा बारीक गाळ दिसला तर विषय संपला. आणि एसी लावून काचा बंद करून थोडा वेळ बसा, वास लपत नाही.

मधुमालती
चिपळूणलाही २०२१च्या जुलैत हेच झालं. तिकडच्या एमएच-०८ गाड्याही अशाच तपासून घ्या. आमच्या शेजाऱ्यांना एका एजंटने अशी गाडी गळ्यात मारली. पहिल्या पावसाळ्यात पॉवर विंडो गेल्या, मग मीटर, मग स्टेअरिंग जड. विकणारा फोन उचलत नाही.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत जुनी गाडी घेताना विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून तपासून घेतात, पैसे आपण भरतो. तुम्हीही तसंच करा. मी स्वतः सुबारू आउटबॅक वापरतो, स्टेशन वॅगन. सामानाला जागा, बर्फात पकड, खाली बसायला सोपी. भारतात लोकांना वॅगन का नको असते हे मला कळलेलं नाही.

दख्खनी_चाक
भारतातही आल्या होत्या की. टाटा इस्टेट, ऑक्टाव्हिया कॉम्बी, बलेनो अल्टुरा. कोणी घेतल्या नाहीत म्हणून बंद झाल्या.

रानजाई
अल्टुरा आमच्या मामांकडे होती! फार सुंदर गाडी. मागे दोन सायकली मावायच्या.

मोकळा_वारा
डिझेल घेऊच नका. दहा वर्षांनी भंगारात जाते. सीएनजी अर्टिगा बघा.

मधुमालती
हे चुकीचं पसरतंय. डिझेलला दहा वर्षांची अट दिल्ली आणि एनसीआरमध्ये आली, एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवाद) आणि नंतर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, डिझेल असो वा पेट्रोल. त्यानंतर गाडी तपासून पुढची पाच वर्षं मिळतात. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या त्या नूतनीकरणाचं शुल्क ५००० रुपये झालंय, शिवाय पर्यावरण कर वेगळा.

सायली, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. इनोव्हाची मुदत २०२९ला संपते, अर्टिगाची २०३१ला. आठ-दहा वर्षं म्हणताय म्हणजे कुठलीही घेतलीत तरी पासिंग तुमच्याच काळात येणार, इनोव्हाचं दोन वर्षं आधी. धूर, ब्रेक, खालचा गंज, सगळं तेव्हा बघतात.

दोन्ही गाड्या एप्रिल २०१९च्या आधीच्या आहेत, तेव्हा एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. चलन थकलेली असतील तर ती विकणाऱ्यानेच भरायची.

निळा_बुलबुल
मिस्टर चालवणार का तुम्ही? इनोव्हा शहरात जड पडते बायकांना.

सायली_को
मीच चालवते, घाटातसुद्धा. जड पडण्याचा प्रश्न नाही. सोसायटीचं पार्किंग मात्र खरंच अरुंद आहे.

निळा_बुलबुल
मग इनोव्हाच घ्या.

घाटमाथा
कुंभार्लीत सहा माणसं आणि सामान घेऊन अर्टिगा चढते, पण टर्बो जागा होईपर्यंत दम काढावा लागतो. दोन हजार आरपीएमच्या खाली पडू द्यायची नाही, वळणाआधीच दुसरा गिअर टाकायचा. इनोव्हाला खाली वेगळी चेसिस (लोखंडी चौकट) आहे, मागच्या चाकांना ताकद आहे, भरल्यावर ती जास्त नीट बसते. ॲव्हरेज मात्र १०-१२. अर्टिगा १७-१८ सहज देते.

अर्टिगाची मागची रांग वर असेल तर डिकी फक्त १३५ लिटर. गावाहून येताना तांदूळ, आंबे, नारळ कुठे ठेवणार याचा विचार करा. कॅरियर लावावाच लागेल.

कोकणी_माय
गुडघ्यांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या आईला दोन्ही गाड्यांत बसवलंय. इनोव्हाची फरशी उंच आहे. चढताना एक पाय वर टाकून अंग उचलावं लागतं आणि उतरताना जास्त त्रास होतो. अर्टिगात आई आधी टेकते आणि मग पाय आत घेते. सासूबाईंना घेऊन जा आणि दोन्हींत बसवून बघा. गाडी तुम्ही निवडाल, पण रोज चढ-उतर त्यांना करायची आहे.

पावशेर_डिझेल
रनिंगवर विश्वास ठेवू नका. माझ्या भावाला एका एजंटने ७० हजारांची म्हणून दिलेली गाडी सर्व्हिस रेकॉर्डमध्ये दीड लाखाच्या पुढे निघाली. पैसे परत मिळाले नाहीत. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा, स्टेअरिंग गुळगुळीत झालंय का बघा. आणि इनोव्हा असेल तर आधी पिवळ्या पाटीवर होती का हे आरसीच्या इतिहासातून काढा. टुरिस्टची गाडी खासगी करून विकणारे खूप आहेत.

सदाशिव_पेठी
म्हणूनच म्हणतो, क्रिस्टा घ्या आणि ओळखीच्यातली घ्या.

सायली_को
सगळ्यांचे आभार. दोन्ही गाड्या बघून आले, म्हणून लिहिते.

इनोव्हा: बेल्टचं बिल नाही. एजंट म्हणाला, "मॅडम, दिवा लागला नाही म्हणजे चांगला आहे." सकाळी लवकर येते म्हटलं तर दुकान अकराला उघडतं, आणि अकराला गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. चालवायला मात्र गाडी खरोखर सुंदर आहे, दख्खनी_चाक म्हणतात ते खोटं नाही. बॅक-लीक टेस्टला एजंट तयार झाला नाही. किंमत ६ लाख ९० हजारांच्या खाली आली नाही.

अर्टिगा: मालक निवृत्त शिक्षक आहेत. घर उंचावर आहे, पूर तिथवर आलाच नव्हता. तरी सीट बेल्ट ओढले, रूळ बघितले, टॉर्च मारला, सगळं कोरडं आणि स्वच्छ. सकाळी सातला गेलो, बॉनेट थंडगार होतं. पहिल्या स्टार्टला एक-दोन सेकंद बारीक आवाज आला आणि गेला. सोबत नेलेल्या मिस्त्रींच्या मते चेन अजून चालेल, पण लक्ष ठेवायला हवं. क्लच संपत आलाय, पुढचे दोन टायर बदलावे लागतील, एसएचव्हीएसची बॅटरी मूळचीच आहे आणि ती साध्या बॅटरीपेक्षा महाग येते. मालकांकडे एक जाडजूड फाइल आहे. प्रत्येक ऑइल बदलाचं बिल तारखेसकट, आणि वर त्यांच्या अक्षरात रनिंग लिहिलेलं. नऊ-दहा हजारांच्या पुढे एकदाही गेलेले नाहीत.

सासूबाई अर्टिगात कोणाचा हात न धरता बसल्या. इनोव्हात मुलाने आधार दिला.

अर्टिगा घेतोय. ५ लाख ९० हजारांना ठरली. क्लच, टायर, बॅटरी धरूनही सातच्या आत बसते, आणि जे उरतं ते चेनसाठी बाजूला ठेवणार आहे. इथे बहुतेकांचं मत इनोव्हाकडे होतं हे माहीत आहे. चांगली ठेवलेली इनोव्हा मिळाली असती तर कदाचित तीच घेतली असती. पण माझ्यासमोर असलेल्या दोन गाड्यांत ज्या गाडीचा इतिहास वाचता येतो ती मला जास्त टिकाऊ वाटते.

दख्खनी_चाक
घाटात आठवण येईल इनोव्हाची. बाकी अभिनंदन.

मिस्त्री_कराडकर
बरोबर केलंत. क्लच काढणारच आहात तर रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदला, पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला लागू नये. आल्या आल्या ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला. ऑइल पुढेही त्यांच्याइतक्याच वेळेवर बदलत राहा, चेन त्यावरच टिकते.

मोकळा_वारा
सीएनजी घेतली असती तर पैसे वाचले असते.

मधुमालती
फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे) सह्या झाल्या का? कोल्हापूर आरटीओची एनओसी लागते का तेही विचारून घ्या. राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो, रोड टॅक्स पुन्हा नाही. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे तुमचा हप्ता जरा जास्त येईल, घाबरू नका.

सायली_को
सह्या झाल्या, अर्ज ऑनलाइन टाकलाय. बोनसचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

पावशेर_डिझेल
ती इनोव्हा अजून आहे का? मला हवी आहे. एजंटचा पत्ता द्याल?

सायली_को
काल संध्याकाळपर्यंत तरी होती. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. गाडी गार असताना बघायची आणि बेल्टचं बिल दाखवायचं, या दोन अटी फोनवरच घाला, नाहीतर फेरी फुकट जाईल.